बालकाच्या अंगावरील सूज : एक अभ्यास

अन्नातील स्निग्धांश वाहून नेणाऱ्या आतड्यांतील दुधाळ लसीकावाहिन्या इटलीतील वैद्य गास्पारे आसेली यांना १६२२ साली आढळल्या. त्या जन्मतःच फुगलेल्या असल्यास लसीका आतड्यात झिरपते व प्रथिने मळावाटे निघून जातात. वाल्डमान यांनी १९६१ साली वर्णिलेला हा दुर्मीळ विकार बहुधा वयाच्या तिसऱ्या वर्षाआत प्रकट होतो.

दोन्ही पायांवर सूज, चिवट जुलाब, खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. अशा बालकास केवळ कुपोषित समजणे किंवा त्याची दृष्ट काढणे म्हणजे मूळ कारणाकडे पाठ फिरवणे होय. रक्तात अल्ब्युमिन व लसीकापेशी कमी असून लघवीतून प्रथिने जात नसतील, यकृत व हृदयही निरोगी असेल, तर आतड्यातील गळतीचा संशय घ्यावा. मळातील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन वाढलेले असल्यास तो बळावतो. दुर्बिणीतून दिसणारे पांढरे ठिपके व तेथील तुकड्याची तपासणी निदान पक्के करतात.

नेहमीचे स्निग्ध पदार्थ वर्ज्य करून प्रथिनयुक्त आहार आणि मध्यम साखळीचे विशेष तेल दिले जाते. ते लसीकावाहिन्यांत न शिरता थेट रक्तात मिसळते. हे पथ्य दीर्घकाळ, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाळावे.

पालकहो, सूज ओसरत नसेल तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त-लघवी तपासून घ्या. गरज भासल्यास परळचे वाडिया बालरुग्णालय गाठा. प्रश्न विचारणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.