अंदाजपत्रकातून उभी राहिलेली घरे

नागरिकशास्त्राच्या तासाला नगरपालिकेच्या जमाखर्चाचा धडा आला की आमच्यापैकी बहुतेकांना जांभया येऊ लागतात. पाणीपट्टी, दिवाबत्ती, रस्ते. यात मन रमावे असे काय आहे? परंतु अशाच एका जमाखर्चाच्या बळावर ऑस्ट्रियाच्या राजधानीने, व्हिएन्नाने, साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडांना निवारा दिला. तो कसा, हे येथे पाहू.

१९१८ साली पहिले महायुद्ध संपले, साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्ना दरिद्री झाली. कामकरी कुटुंबे एक खोली व स्वयंपाकघर एवढ्यात राहत. पाण्याचा नळ व शौचकूप सामाईक बोळात असे. आपल्याकडील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र निराळे सांगावयास नको. मात्र भाडे भागविण्यासाठी परक्या माणसाला रात्रीपुरता बिछाना भाड्याने देण्याची जी रीत तेथे होती, ती वाचून आम्हांस खरोखर वाईट वाटले. युद्धकाळातील कायद्याने भाडी गोठली होती. त्यामुळे घरमालक नवे घर बांधावयास धजत नव्हते.

१९१९ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाच्या हाती नगर आले. अर्थखात्याचे सभासद म्हणून ह्यूगो ब्राइटनर यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ पूर्वी बँकेचे संचालक होते, म्हणजे कर्ज व व्याज यांचे गणित त्यांना चांगलेच ठाऊक होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, कर्ज काढून घरे बांधण्याचा मार्ग त्यांनी टाळला. कर्जाचे व्याज अखेर भाडेकरूच्याच भाड्यातून वसूल होते. मग गरिबाला घर परवडणार कसे? त्यांनी कराचा मार्ग धरला. १९२२ च्या आरंभी व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाल्याने कर बसविण्याचा अधिकार नगराच्या हाती आला होता. मोटारी, घोडे, करमणुकी यांवर कर बसले. घरी एक नोकर ठेवणाऱ्यास कर नव्हता. दुसऱ्यापासून तो लागू होई आणि नोकरांच्या संख्येबरोबर चढत जाई. १९२३ साली गृहबांधणीचा खास कर आला. लहान बिऱ्हाडास तो अगदी थोडा, आलिशान वास्तूस भारी. श्रीमंत वर्ग चिडला व या करांना ब्राइटनर यांचेच नाव चिकटले.

त्याच वर्षी पाच वर्षांत २५,००० घरे बांधण्याचा ठराव झाला व ती संख्या मुदतीपूर्वीच पुरी झाली. बांधणीचा खर्च करांतून भागल्यामुळे भाड्यात केवळ देखभालीचा खर्च धरावा लागे. कामगाराच्या मिळकतीचा अगदी अल्प भाग त्यात जाई. ज्याची निकड मोठी त्याला आधी घर, असा वाटपाचा नियम होता. १९२७ ते १९३० या काळात कार्ल एन या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली कार्ल मार्क्स होफ ही इमारत किलोमीटरभर लांब असून तीत १,३८२ बिऱ्हाडांची सोय होती. आत बालमंदिरे, धुलाईघरे, स्नानगृहे, ग्रंथालय. मधोमध मोकळी अंगणे. आरोग्यखात्याचे सभासद युलिउस टांडलर यांनी १९२७ पासून प्रत्येक नवजात बालकाच्या घरी नगरातर्फे कपड्यांची गाठोडी पाठविली.

या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. बिऱ्हाडे लहान होती. घराघरांत नळ व शौचकूप आले तरी न्हाणीघर बहुधा नसे. शिवाय सारा डोलारा कराच्या उत्पन्नावर उभा होता. १९२९ नंतरच्या मंदीत ते आटले, मध्यवर्ती सरकारनेही व्हिएन्नाचा वाटा घटविला आणि बांधकाम मंदावले. १९३२ साली ब्राइटनर पदावरून दूर झाले. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या गेल्या. १९३८ साली ब्राइटनर यांना देश सोडावा लागला व १९४६ साली अमेरिकेतच त्यांचे निधन झाले.

घरे मात्र टिकली. तोफांनी पडलेल्या भिंती दुरुस्त झाल्या आणि त्यांत आजही लोक राहतात. त्या काळच्या अनेक इमारतींच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, की ही वास्तू व्हिएन्ना नगराने गृहबांधणी कराच्या पैशातून अमुक साली बांधली.