घरातील वायरलेस राउटर : जागा व जोडणी

हमीभावाने कापूस विकण्यासाठी सीसीआयने २०२५-२६ च्या हंगामात ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली. सातबारा अपलोड करताना आतल्या खोलीत वायफायची रेंज मिळाली नाही, तर काम अडते. अशा वेळी प्रथम राउटरची जागा तपासावी.

फायबरची तार घरात शिरते तेथेच, दाराशी, राउटर टांगून जोडणारा माणूस मोकळा होतो. तसे न करता तो घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर बसवून घ्यावा. त्याच्या लहरी लोखंडी पत्र्यातून पार जात नाहीत. म्हणून धान्याची कोठी किंवा कपाटामागे तो ठेवू नये. मातीच्या जाड भिंतीही लहरी शोषतात. गोठ्यापर्यंत रेंज हवी असल्यास २.४ गिगाहर्ट्झ निवडावे. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण पल्ला कमी. फायबर काचेचा असल्याने तार दुमडू नये.

राउटरला मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये राउटरच्या चिठ्ठीवरील पत्ता (पुष्कळदा १९२.१६८.१.१) टाकावा. वायफायचा व सेटिंगचा असे दोन पासवर्ड असतात. दोन्ही बदलावेत आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे.

लाईन गेल्यावरही नेट हवे असल्यास अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टेजचा, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस घ्यावा. फवारणी पंपाची बॅटरीही १२ व्होल्टचीच, म्हणून ती थेट जोडण्याचा मोह होतो. पण चार्ज होताना तिचा दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. विजा कडाडत असताना अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा.