नवा प्रशिक्षक आणि दहा गुंठे बेणेमळा



बेणेमळ्याच्या बैठकीसाठी परवा एका गावी गेलो होतो. तिथे एक सभासद उठून म्हणाले, "साहेब, ते तीन वर्षांचं राहू द्या. यंदा एकरी किती टन वाढणार तेवढं सांगा." प्रश्न रास्त होता. सोसायटीचे कर्ज आणि घरचे कार्य ज्याने उसावर टाकले आहे, त्याला थांबा म्हणणे सोपे नाही. तेव्हा मला नीट उत्तर सुचले नाही. आज देतो, पण जरा क्रिकेटच्या वाटेने. आपल्या घरची पोरे ते समजावून सांगतील.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो. साठ वर्षे करंडक काही मिळाला नाही. २०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी ते मुंबईकडे होते. तिथे २०१५-१६ चा करंडक जिंकून दिला, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हार झाली, आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. असो. विदर्भात पहिल्याच हंगामात त्यांनी करंडक आणला. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय, इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक आणि दिल्लीवर ९ गडी राखून मात. २०१८-१९ ला पुन्हा करंडक विदर्भाकडेच.

झालं, लोक म्हणू लागले की माणूस बदलला की वर्षात फळ मिळते. हे अर्धेच खरे. पंडितांची शिस्त कडक, आणि वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाज बाहेरून आलेला होता. त्याचा उपयोग झालाच. पण गुरबानी किंवा अंतिम सामन्यात शतक काढणारा अक्षय वाडकर काही एका वर्षात उगवले नाहीत. नागपूरला संघटनेची अकादमी आधीपासून पोरे घडवीत होती. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी सलग दोन वर्षे संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलाही होता. रान तयार होते, पंडितांनी वेळेवर पाणी दिले.

खरी परीक्षा ते गेल्यावर झाली. २०२० साली पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२१-२२ चा करंडक त्यांनी तिकडे नेला. विदर्भ मात्र बसला नाही. २०२३-२४ ला अंतिम सामना मुंबईशी हरला, २०२४-२५ ला उस्मान गनी प्रशिक्षक असताना केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते. (आपला नांदेड जिल्हा महाराष्ट्राच्या संघात मोडतो. त्या संघाचा शेवटचा करंडक १९४०-४१ चा, हेही सांगून टाकतो.)

आता माझी गोष्ट. या कामात नवा होतो तेव्हा मलाही घाई होती. लागणीचे क्षेत्र वाढवून दाखवायचे म्हणून मिळेल तिथून बेणे आणवले, त्यात खोडव्याचेही होते. पहिला ऊस बरा आला, माझी पाठ थोपटली गेली. खोडव्यात गवताळ वाढीची बेटे निघाली, काणी दिसली. मला कोणी बोलले नाही. ज्यांचे रान होते त्यांना खोडवा मोडून नांगर घालावा लागला.

म्हणून त्या सभासदांना उत्तर असे. यंदाची वाढ पाहिजे तर पहिल्या महिन्यातच नांग्या भरा, खताचे हप्ते चुकवू नका, खोडव्यात पाचट जाळू नका. एवढ्याने फरक पडतो, पण तो त्या वर्षापुरता. तीन वर्षे मी म्हणालो त्याचा हिशेब साधा आहे: पहिल्या वर्षी पायाभूत बियाण्याचा बेणेमळा, दुसऱ्या वर्षी त्यातून लागण, तिसऱ्या वर्षी खोडवा. बेणे ९ ते ११ महिन्यांचे, रसरशीत, डोळे फुगलेले घ्यावे. दहा गुंठ्यांच्या मळ्यात दोन एकरांची लागण सहज निघते. तेवढे दहा गुंठे गाळपाला जाणार नाहीत, हे मी लपवीत नाही.

त्या गृहस्थांनी दहा गुंठे लिहून दिले आहेत. विहिरीजवळचे रान आहे. इतरांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे नाव, गट नंबर आणि पाण्याची सोय लिहून द्यावी. रान बघायला मी स्वतः येईन.