मोतोवूनला जायचे तर घाई नको

सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मोतोवूनच्या वाट्याला एकच ओळ आली होती: डोंगरावरचे ऐतिहासिक गाव, फोटोसाठी थांबा, एक तास. क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पात, किनाऱ्यावरच्या पोरेचपासून साधारण 30 किलोमीटर आत, मिर्ना नदीच्या खोऱ्यावर 277 मीटर उंचीच्या टेकडीवर हे गाव आहे. आमच्या गटात बहुतेक जण साठी ओलांडलेले. बस पायथ्याशीच थांबते, पुढे चढायचे आहे, हे तिथे उतरल्यावर कळले. "एवढ्या लांब आलोय, तर बघूनच जाऊ," म्हणत सगळे निघाले.

चढण कशीबशी पार पडली. घात केला तो उताराने. मधेच पावसाची सर येऊन गेली, तास संपत आला म्हणून खालून हाकाटी सुरू झाली आणि वेशीखालच्या उतारावर सोबतच्या काकूंचा पाय सटकला. मनगट मोडले. उरलेली सहल त्यांनी हात गळ्यात बांधून केली.

त्या फरसबंदीवर मी नंतर हात फिरवून पाहिला. चुनखडीच्या लाद्या शतकानुशतकांच्या वर्दळीने घोटून अगदी गुळगुळीत झाल्या आहेत. कोरड्या असताना त्यांवर ऊन चमकते आणि डोळे सुखावतात. ओल्या झाल्या की तेल सांडलेल्या फरशीसारख्या होतात. काकूंच्या पायात साध्या सपाट चपला होत्या. चांगले बूट घाला, हे निघण्यापूर्वी कुणीही सांगितले नव्हते.

मोतोवून वगळा, असे मी कुणालाही सांगणार नाही. पण हे गाव वर वसले तेच मुळी शत्रूला सहजी पोहोचता येऊ नये म्हणून. 1278 मध्ये ते व्हेनिसच्या ताब्यात गेले आणि पुढची कित्येक शतके त्याच ताब्यात राहिले. तटबंदी, एकामागून एक दोन वेशी, आतल्या भिंतींत बसवलेले जुने कोरीव दगड हे सगळे निवांत पाहण्यासारखे आहे. ते एका तासात उरकायला गेलात, तर तो तास चढण्या-उतरण्यातच जातो.

म्हणून किमान अर्धा दिवस राखून ठेवा. उन्हाळ्यात सकाळी लवकर पोहोचा. दुपारी चढणीवर सावली कमी आणि गर्दी जास्त. बाहेरच्यांच्या गाड्या गावात जात नाहीत, पायथ्याशी पैसे भरून लावाव्या लागतात. हंगामात वर नेणारी छोटी बस असते. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता तीच घ्या आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता, ते चढतानाच विचारून ठेवा. खोऱ्यातून वर येणारी 1,052 पायऱ्यांची वाटही आहे, पण ती सवय असलेल्यांनीच धरावी. खाचांच्या रबरी तळव्याचे बूट हवेतच. पाऊस पडला तर चौकात बसून कॉफी घ्या, लाद्या वाळू द्या, मग उतरा.

वर पोहोचल्यावर तटावरून फेरी मारा. खाली मिर्नाचे खोरे, द्राक्षमळे आणि मोतोवूनचे जंगल दिसते. याच जंगलात जमिनीखाली ट्रफल ही महागडी बुरशी वाढते आणि शिकवलेली कुत्री ती हुंगून शोधतात. पांढऱ्या ट्रफलचा हंगाम शरद ऋतूपासून थंडीपर्यंत असतो. काळी उन्हाळ्यातही मिळते. दुकानातली ट्रफल-तेलाची बाटली घेण्याआधी घटकांची यादी वाचा. पुष्कळ तेलांत खऱ्या ट्रफलपेक्षा कृत्रिम वासच अधिक असतो. 'फुझी' हा तिथला घरगुती पास्ता ट्रफल घालून देतात. शाकाहारी असाल तर त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे आधी विचारा.

क्रोएशिया 2023 च्या 1 जानेवारीपासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलनही युरो झाले आहे. शेंगेन व्हिसासाठी वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण त्याचा कागद बहुतेकांच्या सामानात हॉटेलवर पडून असतो. तो आणि विमा कंपनीचा फोन क्रमांक खिशात असू द्या. तातडीच्या मदतीसाठी 112 फिरवायचा.

आई-वडिलांना सहलीला पाठवणाऱ्यांना एक विनंती. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला तीन प्रश्न विचारा: बस कुठपर्यंत जाते, चालायचे किती आणि थांबा किती वेळाचा? उत्तर गुळमुळीत आले, तर मोतोवून त्या सहलीतून नको. पोरेचहून गाडी करून त्यांच्या चालीने दाखवा.