पाहण्याची जागा

गुजरातच्या सीमेलगतच्या अच्छाडपासून गोव्याच्या सीमेलगतच्या बांद्यापर्यंत, विटी-दांडू ठाऊक नाही असे मूल विरळाच. अमेरिकेतील मुलांना तितकाच जिव्हाळा बेसबॉलचा. या खेळात एक गडी चेंडू फेकतो. दुसरा तो गोल लाकडी दांड्याने टोलावतो आणि चार तळांना फेरी घालून धाव पुरी करतो.

हा खेळ संगणकावर आणण्याचा ध्यास डॉन डॅग्लो या विद्यार्थ्याने घेतला. १९७१ साली कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात शिकत असताना त्याने तेथील मोठ्या संगणकासाठी बेसबॉलचा खेळ रचला. त्यात चित्रे मुळीच नव्हती. प्रत्येक चेंडूचे काय झाले, ते यंत्र कागदावर शब्दांत छापून देई!

पुढे टीव्हीला जोडून घरच्या घरी व्हिडिओ गेम खेळण्याची यंत्रे निघाली. मॅटेल कंपनीच्या 'इंटेलिव्हिजन' या यंत्रासाठी खेळ तयार करण्याचे काम डॅग्लोकडे आले. त्या काळच्या अशा खेळांत सारे मैदान एकाच जागेवरून, घारीने आकाशातून पाहावे तसे दिसे. एकदा टीव्हीवर सामना पाहताना डॅग्लोच्या ध्यानात आले, की कॅमेरा मात्र एका जागी थांबत नाही. चेंडू फेकताना तो फेकणाऱ्याच्या पाठीमागून पाहतो आणि टोला बसताच नजर चेंडूमागे नेतो. मग पडद्यावरच्या खेळातही असे का नसावे?

या कामी त्याला एडी डॉम्ब्रोवर याची जोड मिळाली. नर्तकांच्या हालचाली संगणकावर दाखविण्याचे तंत्र त्याने पूर्वीच सिद्ध केले होते. त्यामुळे पडद्यावरचे खेळाडू माणसांसारखे धावू लागले. १९८३ साली खेळ पुरा झाला. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. खेळाच्या थोड्याच प्रती खपल्या आणि १९८४ च्या आरंभी मॅटेलने तो विभागच बंद केला.

दोघे मित्र खचले नाहीत. अर्ल वीव्हर या नामांकित प्रशिक्षकाचे अनुभवाचे बोल ऐकून त्यांनी १९८७ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी नवा बेसबॉल खेळ सिद्ध केला. तो लोकांनी उचलून धरला.

आज पडद्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलालाही चेंडू टोलावताच नजर सीमारेषेकडे धावताना दिसते. न खपलेल्या त्या खेळातील कल्पना अशी घरोघर पोहोचली. डॅग्लोने पाहिलेला सामना हजारोंनी पाहिला असेल. परंतु तो कोठून पाहिला जात आहे, याचा विचार त्याने केला.