कारखान्याचे दार

(स्त्रीला नोकरी मिळणे ही पहिली पायरी आहे. ती नोकरी टिकणे आणि कामाचा योग्य मोबदला मिळणे या पुढच्या पायऱ्या आहेत. त्या चढताना प्रशिक्षण आणि कामाच्या ठिकाणचे नियम कसे उपयोगी पडतात, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्या मोहल्ल्यात घरी बसून शिवणकाम, जरीकाम किंवा काज-बटणाचे काम करणाऱ्या स्त्रिया तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुमची अम्मी किंवा खालाही असे काम करत असेल. या स्त्रियांच्या हातात कला असते. त्या दिवसभर राबतात. पण आजारी पडल्या, तर त्या दिवसाची कमाई बुडते. कामाचा दर कोण ठरवतो? काम देणारा. तक्रार कोणाकडे करायची? ते ठाऊक नसते. म्हणजे नुसती कला आणि कष्ट पुरेसे नाहीत. मग आणखी काय हवे? त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका.

१९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुधा कुलकर्णी नावाची एक तरुणी शिकत होती. आज आपण त्यांना लेखिका सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. त्यांनी सूचना फलकावर एक जाहिरात पाहिली. मोटारी बनवणाऱ्या टेल्को या कंपनीला हुशार, कष्टाळू अभियंते हवे होते. पण जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती. स्त्रियांनी अर्ज करू नये, असा तिचा अर्थ होता.

ती ओळ वाचून सुधाताईंना राग आला. अभ्यासात त्या मुलांच्या मागे नव्हत्या. मग केवळ मुलगी आहे म्हणून दार बंद का? टेल्को ही टाटांची कंपनी होती. ज्या संस्थेत त्या शिकत होत्या, तिची कल्पनाही जमशेटजी टाटा यांचीच होती. सुधाताईंनी एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटा यांना आपली तक्रार लिहून पाठवली.

दहा दिवसांच्या आत तार आली. पुण्याजवळील पिंपरी येथे मुलाखतीसाठी या, जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देईल, असा निरोप होता. मुलाखतीत त्यांना तांत्रिक प्रश्न विचारले गेले. त्यांनी नीट उत्तरे दिली. कारखान्यात यंत्रांजवळ आजवर एकही स्त्री काम करत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर, कोठून तरी सुरुवात करायला हवी, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांची निवड झाली. टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अभियंत्या ठरल्या.

गोष्ट येथे संपली असे तुम्हांला वाटेल. पण खरा प्रश्न येथून सुरू होतो. एका पोस्टकार्डाने एका मुलीसाठी दार उघडले. हजारो मुलींसाठी ते उघडे कसे राहील?

पहिली गोष्ट म्हणजे प्रशिक्षण. दार उघडे असले, तरी काम येत नसेल तर आत जाता येत नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय. मध्ये, फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री असे अभ्यासक्रम शिकता येतात. तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकण्याचीही सोय झाली. शिकत असताना उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. ज्या घरात शिक्षणासाठी पैसे नसतात, त्या घरातील मुलीला याचा मोठा आधार होतो.

२००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. २०२२ साली याच कंपनीच्या पुण्यातील एका विभागात मोटारींची जुळणी करणाऱ्या स्त्रियांची संख्या दीड हजाराच्या वर गेली होती. ज्या कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांना मनाई होती, तेथेच हा बदल घडला. जड यंत्रे चालवणे हे फक्त पुरुषांचे काम, ही समजूत किती चुकीची होती, हे यावरून कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाच्या ठिकाणचे नियम. पुष्कळ स्त्रिया काम शिकतात, नोकरीला लागतात आणि काही वर्षांनी नोकरी सोडतात. त्यांना काम येत नाही म्हणून नव्हे. मूल लहान असते, त्याला सांभाळायला कोणी नसते. कारखाना दूर असतो, रात्री घरी यायला वाहन नसते. कोठे स्वच्छतागृह नसते. कोणी वाईट वागले, तर दाद मागायला जागा नसते. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, "पुरे झाली नोकरी!"

या अडचणींवर उपाय आहेत. १९२८ साली मुंबई विधान परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्री-कामगारांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा भार मालकानेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. १९६१ साली सगळ्या देशासाठी कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आले पाहिजे, असेही तेव्हा ठरले.

१९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. पुढे अनेक राज्यांनी ही मनाई सैल केली. मात्र स्त्रीची संमती, सुरक्षितता आणि ने-आण करण्यासाठी वाहन या अटी घातल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात तक्रार ऐकण्यासाठी समिती असलीच पाहिजे आणि तिची प्रमुख स्त्री असली पाहिजे, असे तो कायदा सांगतो.

तिसरी गोष्ट म्हणजे समान कामाला समान वेतन. याचा कायदा १९७६ साली झाला. आता एक हिशेब करा. समजा, एकाच कामासाठी पुरुषाला रोज ४०० रुपये आणि स्त्रीला ३०० रुपये मिळतात. महिन्यात २५ दिवस काम केले, तर स्त्रीचे २,५०० रुपये बुडतात. वर्षाला ३०,००० रुपये बुडतात. एवढ्या पैशांत किती वह्या-पुस्तके आली असती, याचा विचार करा. आणि जो पगार मिळतो, तो तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाला, तरच तो कसा खर्च करायचा हे तिला ठरवता येईल.

काही मालक म्हणतात, एवढ्या सोयी केल्या तर खर्च वाढेल. खर्च होतो, हे खरे आहे. पण शिकवून तयार केलेली कामगार नोकरी सोडून गेली, तर तोटा कोणाचा? मालकाचाही. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. म्हणून पाळणाघर किंवा बस हा स्त्रियांवर केलेला उपकार नाही. तो चांगल्या कारखान्याच्या कारभाराचाच भाग आहे.

मुलांनो, हा पाठ फक्त मुलींसाठी आहे असे समजू नका. तुमची बहीण प्रशिक्षणाला गेली, तर घरी पाणी कोण भरील? धाकट्या भावाला शाळेत कोण सोडील? ही कामे तुम्ही वाटून घेतली, तर तिची वाट सोपी होईल. उद्या तुमच्यापैकी कोणी दुकानाचा किंवा कारखान्याचा मालक होईल. त्या दिवशी हा पाठ आठवा.

आणि मुलींनो, काम निवडताना 'हे मुलींचे काम नाही' असे कोणी म्हटले, तर घाबरू नका. आधी काम नीट शिका. मग आपले हक्क माहीत करून घ्या. दार बंद दिसले, तर ते का बंद आहे, असे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा. सुधाताईंनी तेवढेच केले होते.

शब्दार्थ
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे
अभियंता – इंजिनिअर
वीजतंत्री – विजेचे काम करणारा कारागीर
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारी ठरावीक रक्कम
जुळणी – सुटे भाग एकत्र बसवणे
दाद मागणे – न्याय मागणे
प्रसूती – बाळंतपण
पाळणाघर – आई कामावर असताना लहान मुलांना सांभाळण्याची जागा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुधाताईंनी पोस्टकार्ड कोणाला पाठवले?
(आ) विद्यावेतन कोणाला मिळते?
(इ) १९२८ साली डॉ. आंबेडकर यांनी कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला?

२. कारणे लिहा.
(अ) जाहिरात वाचून सुधाताईंना राग आला.
(आ) काम येत असूनही पुष्कळ स्त्रिया नोकरी सोडतात.
(इ) पाळणाघर हा स्त्रियांवर केलेला उपकार नाही.

३. कारखाना, हक्क, मालक, रजा हे शब्द उर्दूतही आहेत. यांपैकी एका शब्दाचा मराठीतील अर्थ वेगळा आहे. तो शब्द शोधा आणि वाक्यात वापरा.

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या काम करणाऱ्या स्त्रीला भेटा. कामाच्या ठिकाणी कोणत्या सोयी आहेत आणि कोणत्या हव्यात, हे त्यांना विचारा. त्यावर मराठीत आठ ओळी लिहा.