मोठा कॅमेरा आणि खांद्यावरची पिशवी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी जून महिन्यात मिरजेच्या बसस्थानकावर माझ्या हातून एक अपघात घडला. या लेखाचा विषय त्यातूनच निघाला.

महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिरांची छायाचित्रे काढीत होते. कॅमेरा माझा नव्हता. आमच्या गल्लीतील स्टुडिओवाल्या काकांकडे मी रविवारी काम करते, त्यांनी तो विश्वासाने दिला होता. मी तो टॉवेलात गुंडाळून पुस्तकांच्या साध्या पिशवीत घातला. बसच्या पायरीवरून उतरताना पट्ट्याची प्लॅस्टिकची कडी तुटली आणि पिशवी खाली आदळली. भिंगाची कड चेपली, फिरणारे कडे अडकले. दुरुस्तीला ४,२०० रुपये लागले. ते मी चार महिने रविवारच्या कामातून फेडले. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरी, पिशवी नीट असल्याशिवाय आता कॅमेरा मागू नकोस."

प्रदर्शन तोंडावर आले होते आणि निम्मी छायाचित्रे व्हायची होती. तेव्हा पिशवीचा विचार अभ्यासासारखाच करणे भाग पडले.

प्रथम ओझ्याचा हिशेब केला. काकांचा कॅमेरा कॅनन फाइव्ह डी मार्क थ्री. बॅटरीसह तो सुमारे ९५० ग्रॅम भरतो. २४-१०५ मिलिमीटरचे भिंग ६७० ग्रॅम, ७०-२०० चे लांब भिंग जवळजवळ दीड किलो, फ्लॅश सेलसह अर्धा किलो. म्हणजे साडेतीन किलोंच्या वर. त्यात पाण्याची बाटली, वही आणि पिशवीचे स्वतःचे वजन धरले की पाच किलो होतात. पाच किलो एकदा उचलणे अवघड नाही. दिवसभर एका खांद्यावर वागवणे ही गोष्ट निराळी.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे अभ्यासातले काही अण्णांना विचारावे असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी मैत्रिणीकडून आणलेली एक पिशवी पाच किलो ज्वारी भरून खांद्याला लावली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "वझं अंगाला धरून आसावं. अंगापासनं लांब गेलं की दुप्पट लागतंय."

शाळेत शिकलेले तरफेचे तत्त्व हेच सांगते. वजन शरीरापासून जितके दूर, तितका कमरेवर आणि मणक्यावर ताण अधिक. म्हणून पिशवी फुगीर नसावी, पाठीमागची बाजू सपाट असावी आणि पट्टा इतकाच लांब असावा की पिशवी कमरेच्या हाडाशी टेकेल. मांडीवर आपटणारी पिशवी प्रत्येक पावलाला खांदा ओढते.

अण्णांची दुसरी सूचना चुंबळीची. डोक्यावर घागर ठेवताना बायका चुंबळ घेतात, हमाल पाठीवर रिकामे पोते घडी करून टाकतात. वजन तेवढेच राहते, पण ते अधिक जागेवर पसरते. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याऐवजी पाच सेंटिमीटरचा घेतला तर खांद्यावरचा दाब साधारण निम्मा होतो. मात्र खांद्याखालची गादी फार मऊ नसावी. मऊ फोम दबून जातो आणि गुळगुळीत कापड घसरते. सुती नवारीचा खरखरीत पट्टा बरा.

पुढे वाचताना एक गमतीची गोष्ट कळली. कॅमेऱ्याच्या पिशव्यांसाठी नावाजलेली इंग्लंडमधील बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ मध्ये मासेमारीच्या पिशव्या करण्यासाठी सुरू झाली. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्या पिशव्या कॅमेऱ्यासाठी विकत घेतात, हे काही वर्षांनी कंपनीच्या लक्षात आले. अमेरिकेतील जिम डॉम्के हे तर स्वतःच फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी रोजच्या कामाच्या गरजेतून मऊ कॅनव्हासची पिशवी तयार केली, तिचेही पुढे नाव झाले. दोन्ही उदाहरणांत पिशवीची पारख केली ती ती खांद्यावर वागवणाऱ्यांनी.

आता मापाविषयी. कॅमेरा भिंग लावूनच ठेवावा, म्हणजे वेळेवर हाताशी येतो. भिंग खाली करून तो ठेवला तर सुमारे १८ सेंटिमीटर उंची लागते. लांब भिंग उभे ठेवण्यास झाकणांसह २३ लागते. शेजारी फ्लॅश धरून आतील माप ३२ लांब, १३ रुंद आणि २३ खोल पुरते. याहून मोठी पिशवी घेऊ नये, कारण रिकामी जागा दिसली की आपण ती भरतो. तळाशी व मधल्या पडद्यांत फोम हवा. पट्टा पिशवीच्या तोंडाशीच शिवलेला नसावा, तो दोन्ही कुशींवरून तळाखालून गेलेला असावा. मग भार शिवणीवर येत नाही. कडी आणि बक्कल धातूचेच हवे.

पाठीवरची सॅक दोन्ही खांद्यांवर भार वाटते, हे खरे. लांब चालायचे असेल तर तीच चांगली. परंतु शहरात दर दहा पावलांवर कॅमेरा काढायचा असतो आणि बसच्या गर्दीत पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही. गर्दीत पट्टा गळ्यातून तिरपा घ्यावा, पिशवी पुढे आणावी. झाकण बाहेरून अंगाकडे उघडणारे नसावे, अंगाकडून बाहेर उघडणारे असावे. बाहेर कंपनीचे मोठे नाव नसले तर उत्तम.

पावसाळ्यासाठी वरून प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवावे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा प्यायले असे समजून पुन्हा वाळवावेत. घरी आल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवू नये. फोम ओल धरतो आणि बंद दमट जागेत भिंगाला बुरशी लागते.

इतके सर्व असलेली तयार पिशवी माझ्या ऐपतीबाहेर होती. शेवटी मिरजेत तंबोऱ्याच्या गवसण्या शिवणाऱ्या एका मामांना मी कागदावर काढलेली आकृती दाखवली. त्यांनी कॅनव्हासची पिशवी ९०० रुपयांत शिवून दिली. पट्टा तळाखालून घेण्याचे त्यांना सांगावे लागले नाही. जड वाद्याची गवसणीही ते तशीच शिवतात.

काकांनी पिशवी हातात घेतली, पट्टा धरून तिला तीन हिसके दिले, शिवण पाहिली, आणि काही न बोलता कपाटातून कॅमेरा काढून आत ठेवला. प्रदर्शन वेळेवर झाले.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की पिशवी दुकानात रिकामी पाहून घेऊ नका. आपल्या सामानाच्या वजनाइतकी ज्वारी बरोबर न्या, भरून अर्धा तास चाला. आणि घरात कोणी ओझी वाहिलेले माणूस असेल तर त्याला अवश्य विचारा. मी विचारले त्या रात्री अण्णा जेवताना बराच वेळ बोलत होते. दर थोड्या वेळाने खांदा बदलायचा, ही सूचना त्यांनी तीनदा केली. ती मी पाळते.